ट्वीव्हेल

पश्चिम फ्रिजियन भाषेतील 'संशय', 'शंका' या अर्थाचा शब्द. नेदर्लंड्सच्या उत्तरेकडील फ्रीस्लान प्रांतात बोलल्या जाणाऱ्या या भाषेत 'ट्वीव्हेल' हे नाम, 'ट्वीव्हेल्ये' (संशय घेणे, शंका असणे) हे क्रियापद आणि 'ट्वीव्हेलाख्तिख' (संशयास्पद) हे विशेषण प्रचारात आहे. जर्मन 'त्स्वाइफेल', डच 'ट्वेइफेल', डॅनिश 'ट्विव्ल', स्वीडिश 'ट्वीव्हेल' आणि नॉर्वेजियन 'ट्वील' हे याच कुळातील शब्द होत. या सर्वांच्या मुळाशी 'दोन' ही संख्या आहे. एकाच मनापुढे दोन गोष्टी येऊन उभ्या राहणे आणि त्यांपैकी एकीची निवड न होणे, या अनुभवावरून जर्मानिक भाषकांनी संशयाला नाव दिले. संशयाची संकल्पना अमूर्त आहे. तिला शब्दात पकडताना एका साध्या संख्येचा आधार कसा घेतला गेला आणि तो शब्द निरनिराळ्या भाषांत कोणकोणत्या अर्थांपर्यंत पोहोचला, हे पाहण्यास हा लहानसा शब्द फार उपयुक्त आहे. (येथे दिलेले परकीय शब्दांचे देवनागरी लेखन उच्चाराच्या जवळपास जाणारे आहे.)

फ्रिजियन भाषेचे स्थान : फ्रिजियन ही इंडो-यूरोपियन कुटुंबाच्या जर्मानिक शाखेतील पश्चिम गटाची भाषा आहे. तिच्या आज तीन शाखा उरल्या आहेत. त्यांपैकी पश्चिम फ्रिजियन ही सर्वांत मोठी असून फ्रीस्लान प्रांतातील सुमारे निम्म्या लोकांची ती मातृभाषा आहे. उत्तर फ्रिजियन जर्मनीतील श्लेस्विग-होलश्टाइन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर व लगतच्या बेटांवर काही हजार लोक बोलतात. जर्मनीच्याच लोअर सॅक्सनी राज्यातील झाटरलांट फ्रिजियनचे भाषक केवळ दोन हजारांच्या आसपास आहेत.

ध्वनिविचाराच्या दृष्टीने इंग्रजीला सर्वांत जवळची भाषा म्हणून फ्रिजियनचा उल्लेख केला जातो. मूळ 'क' या ध्वनीचे विशिष्ट स्वरांपूर्वी तालव्यीकरण होणे, हे या दोन भाषांचे समान वैशिष्ट्य आहे. उदा., 'चर्च' याला डचमध्ये 'केर्क' म्हणतात, तर फ्रिजियनमध्ये 'त्श्येर्के' म्हणतात. असे असूनही संशयवाचक शब्दाच्या बाबतीत मात्र फ्रिजियन इंग्रजीबरोबर जात नाही; ती डच व जर्मन यांच्या बाजूला उभी राहते. दोन भाषांचे नाते त्यांच्या ध्वनिपरिवर्तनांवरून ठरते. परंतु प्रत्येक शब्दाचा इतिहास त्या नात्याच्या चौकटीत बसेलच असे नाही, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

व्युत्पत्ती : 'ट्वीव्हेल' याचे प्राचीन फ्रिजियन रूप 'ट्वीफेल' असे आहे. प्राचीन सॅक्सनमध्ये 'ट्वीफल', प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'त्स्वीफल' आणि मध्ययुगीन डचमध्ये 'ट्वीव्हेल' ही रूपे आढळतात. गॉथिक ही आता मृत झालेली, परंतु जर्मानिक शाखेतील सर्वांत जुन्या विस्तृत लेखनाची भाषा. तिच्यातही 'ट्वीफ्ल-' या अंगापासून झालेली रूपे मिळतात. योहानाच्या शुभवर्तमानावरील 'स्कीरीन्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गॉथिक भाष्यात हा शब्द आलेला आहे. गॉथिक ही पूर्व जर्मानिक व बाकीच्या वरील भाषा पश्चिम जर्मानिक असल्यामुळे हा शब्द या दोन गटांच्या विभाजनापूर्वीचा असला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो.

या रूपांवरून मूळ जर्मानिक भाषेसाठी 'ट्वीफ्ल-' असे अंग पुनर्घटित करण्यात येते. त्याचे दोन घटक आहेत. पहिला घटक 'ट्वी-' म्हणजे 'दोन'. दुसरा घटक इंडो-यूरोपियन 'पेल-' या 'घडी, पदर' अशा अर्थाच्या धातूशी जोडला जातो. म्हणजे मूळ अर्थ 'दुपदरी', 'दुहेरी' असा होतो. ग्रीक 'डिप्लोस' आणि लॅटिन 'डुप्लुस' या 'दुप्पट, दुहेरी' अशा अर्थाच्या विशेषणांची घडण अशीच आहे. मात्र तेथे या घडणीला संशयाचा अर्थ चिकटला नाही. प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'त्स्वीफल' हा शब्द 'संशयित, अनिश्चित' या अर्थाचे विशेषण म्हणूनही वापरला जाई. यावरून प्रथम 'दुहेरी' असे विशेषण, नंतर 'द्विधा झालेला' असा मनाला लागू होणारा अर्थ आणि त्यानंतर भाववाचक नाम, असा क्रम संभवतो.

ध्वनिपरिवर्तन : लॅटिन 'डुप्लुस' आणि जर्मानिक 'ट्वीफ्ल-' हे शब्द शेजारी ठेवले, की ग्रिमच्या नियमातील दोन परिवर्तने एकाच शब्दात दिसतात. मूळ इंडो-यूरोपियन 'द' चा जर्मानिकमध्ये 'ट' होतो व मूळ 'प' चा 'फ' होतो. संस्कृत 'द्वि', लॅटिन 'डुओ' यांच्यासमोर फ्रिजियन 'ट्वा' व इंग्रजी 'टू' ही रूपे येतात, तर संस्कृत 'पितृ' याच्यासमोर इंग्रजी 'फादर' येतो, ते याच नियमाने.

यानंतरचे परिवर्तन फक्त उच्च जर्मन बोलींत झाले. त्यात शब्दारंभीच्या 'ट' चा 'त्स' झाला. म्हणून फ्रिजियन 'ट्वा' व डच 'ट्वे' यांच्या जोडीला जर्मन 'त्स्वाइ' आणि 'ट्वीव्हेल' च्या जोडीला 'त्स्वाइफेल' दिसतो. संस्कृत 'दश', इंग्रजी 'टेन' व जर्मन 'त्सेन' ही मालिका याच तीन पायऱ्या दाखविते.

स्वराचा इतिहासही बोधप्रद आहे. मूळ दीर्घ 'ई' चे जर्मनमध्ये 'आइ' व डचमध्ये 'एइ' असे संयुक्त स्वरात रूपांतर झाले. फ्रिजियनमध्ये अनेक शब्दांत तो 'ई' च राहिला. काळ या अर्थाचा फ्रिजियन 'टीत', डच 'टेइट' व जर्मन 'त्साइट'. तसेच बर्फ या अर्थाचा फ्रिजियन 'ईस', डच 'एइस' व जर्मन 'आइस' या मालिका पाहिल्या म्हणजे 'ट्वीव्हेल' मधील स्वर फ्रिजियनच्या नेहमीच्या वळणानुसार आहे, हे ध्यानात येते. आरंभीचा 'ट' आणि त्यापुढील 'ई' या दोन्ही बाबतींत फ्रिजियन शब्द आजच्या जर्मन शब्दापेक्षा मूळ रूपाच्या अधिक जवळ आहे. मधल्या 'फ' चा मात्र दोन स्वरांमध्ये आल्यामुळे घोष 'व्ह' झाला आहे.

'ट्वीव्हेल्ये' या क्रियापदावर फ्रिजियन व्याकरणाची स्वतंत्र मुद्रा उमटलेली आहे. फ्रिजियनमध्ये नियमित क्रियापदांचे दोन वर्ग असून दुसऱ्या वर्गातील क्रियापदांच्या शेवटी '-ये' हा प्रत्यय येतो. प्राचीन इंग्रजीतील '-इअन' प्रत्ययान्त क्रियापदांशी या वर्गाचे नाते आहे. इंग्रजीतून हा वर्ग पुढे नाहीसा झाला, डचमध्येही तो वेगळा राहिला नाही. फ्रिजियनमध्ये मात्र तो जिवंत आहे. 'मला शंका आहे' हे 'इक ट्वीव्हेल्ये' असे होते, तर 'त्याला शंका आहे' हे 'ही ट्वीव्हेलेत' असे होते. डचमधील 'ट्वेइफेलेन' या क्रियापदाला असा भेद माहीत नाही.

शेकडो वर्षांच्या सहवासामुळे डचचा प्रभाव फ्रिजियन शब्दसंग्रहावर पडलेला आहे आणि 'ट्वीव्हेलाख्तिख' यासारख्या साधित शब्दांची किंवा शब्दप्रयोगांची घडण डचशी तंतोतंत जुळते. तथापि मूळ नामाचे प्राचीन फ्रिजियन रूप, त्यातील स्वर आणि क्रियापदाचा वर्ग या तिन्ही गोष्टी लक्षात घेता 'ट्वीव्हेल' हा आजच्या डच शब्दाचा केवळ उच्चारभेद आहे, असे म्हणता येत नाही.

इतर जर्मानिक भाषांतील शब्द : प्राचीन इंग्रजीत संशयाला 'ट्वेओ' असा शब्द होता व त्यावरून 'ट्वेओगन' (संशय घेणे) हे क्रियापद झाले होते. प्राचीन सॅक्सनमध्ये 'ट्वेहो' व प्राचीन उच्च जर्मनमध्ये 'त्स्वेहो' हे त्याचे सजातीय शब्द आढळतात. हेही 'दोन' या संख्येवरूनच आलेले आहेत. पण त्यांत 'पदर' या अर्थाचा दुसरा घटक नाही. म्हणजे पश्चिम जर्मानिक भाषांत एकाच संख्येपासून निघालेले दोन संशयवाचक शब्द काही काळ नांदत होते. जर्मनीत 'त्स्वाइफेल' टिकला व 'त्स्वेहो' लोपला.

इंग्लंडमध्ये वेगळेच घडले. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत आला, त्याबरोबर 'डाउट' हा शब्द तेराव्या शतकात रूढ झाला आणि मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात 'ट्वेओ' नामशेष झाला. फ्रेंच शब्दात 'भिणे' असाही अर्थ होता. तो आरंभी इंग्रजीतही आला होता. हा शब्द लॅटिन 'डुबितारे' वरून आला आहे हे जाणणाऱ्या विद्वानांनी पुढे त्याच्या वर्णलेखनात 'ब' या ध्वनीचे अक्षर घातले. ते आजही लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. गंमत अशी, की लॅटिन शब्दाच्या मुळाशीही 'दोन' हीच संख्या आहे. इंग्रजीने आपला शब्द टाकला, तरी त्यामागील कल्पना तिच्याकडे दुसऱ्या वाटेने परत आली.

स्कँडिनेव्हियातील मूळ शब्द 'दोन' वरून आलेला नव्हता. प्राचीन नॉर्समध्ये संशयाला 'एफ' किंवा 'इफ' म्हणत. 'जर' या अर्थाच्या उभयान्वयी अव्ययाशी त्याचा संबंध जोडला जातो. आइसलँडिकमध्ये 'एव्ही' हा त्याच कुळातील शब्द आजही वापरात आहे. डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन या भाषांनी मात्र मध्ययुगात लो जर्मनमधून 'ट्वीव्हेल' हा शब्द घेतला. त्या काळी हान्झा व्यापारी संघाच्या नगरांचे बाल्टिक समुद्राभोवती वर्चस्व होते आणि त्यांची लो जर्मन भाषा व्यापार, करारमदार व नगरकारभार यांतून स्कँडिनेव्हियात पसरली. व्यापारी मालाबरोबर 'संशय' हा शब्दही या देशांत जाऊन स्थायिक झाला.

'दोन' या संख्येपासून निघालेल्या जर्मानिक शब्दांचे क्षेत्र संशयापुरते मर्यादित नाही. इंग्रजी 'ट्विस्ट' याचा संबंध दोन पदर एकत्र पिळण्याशी आहे. डच, डॅनिश व स्वीडिशमध्ये त्याच रूपाच्या शब्दाचा अर्थ 'तंटा' असा आहे. इंग्रजी 'बिट्वीन' (दोहोंमध्ये) व 'ट्विन' (जुळे) हेही याच मुळातून आले. दोन पदर जुळले तर दोरी होते, दोन माणसे फुटली तर तंटा होतो आणि एकच मन दुभंगले तर संशय होतो, असा हा अर्थविस्तार आहे.

अर्थविकास : मध्ययुगीन जर्मन वाङ्मयात 'त्स्वीव्हेल' हा शब्द केवळ बौद्धिक अनिश्चितता दर्शवीत नाही. ईश्वराच्या कृपेविषयीचा विश्वास डळमळणे, निष्ठा दुभंगणे असा धार्मिक व नैतिक अर्थ त्याला होता. व्होल्फ्राम फोन एशेनबाख याने तेराव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या 'पार्त्सिव्हाल' या महाकाव्याची सुरुवातच या शब्दाचा उल्लेख करून होते. संशयाने ग्रासलेल्या माणसाची तुलना तेथे काळ्यापांढऱ्या रंगाच्या मॅगपाय पक्ष्याशी केलेली आहे. एकाच देहावरील दोन रंगांची ही प्रतिमा शब्दातील 'दोन' या अर्थाशी नेमकी जुळते. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने बायबलच्या जर्मन अनुवादात याकोबाच्या पत्रातील 'दोन मनांचा' अशा अर्थाच्या ग्रीक विशेषणासाठी 'संशयी माणूस' या अर्थाचे जर्मन नाम योजले. दोन्ही भाषांतील कल्पना येथे सहज एकत्र आल्या.

याच शब्दाला '-फर' हा उपसर्ग लागून जर्मनमध्ये 'फरत्स्वाइफेल्न' हे क्रियापद झाले. संशय शेवटच्या टोकाला नेणे, म्हणजेच सर्व आशा सोडणे, असा त्याचा अर्थ आहे. स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियन भाषांतही निराशावाचक शब्द अशाच घडणीचे आहेत. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल (१७७०–१८३१) याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आत्म्याची घटनामीमांसा' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ज्ञानाच्या वाटचालीचे वर्णन करताना संशय व निराशा या दोन शब्दांच्या सारखेपणाचा मुद्दाम उपयोग करून घेतला आहे. हा श्लेष जर्मन भाषेत आपोआप साधतो. मराठीत 'संशय' व 'निराशा' या शब्दांत तो साधत नाही.

यूरोपीय तत्त्वज्ञानात संशयाला पद्धतीचे स्थान देणारा रने देकार्त (१५९६–१६५०) हा १६२९ मध्ये फ्रीस्लानमधील फ्रानेकर येथे राहत होता आणि तेथील विद्यापीठात त्याने आपले नाव नोंदविले होते. हे विद्यापीठ १५८५ ते १८११ पर्यंत अस्तित्वात होते. मात्र तेथील विद्येची भाषा लॅटिन होती आणि देकार्तने आपला संशय लॅटिन व फ्रेंच शब्दांत मांडला. नगराबाहेरच्या शेतकऱ्यांच्या बोलीतील संशयवाचक शब्द विद्यापीठाच्या भिंतीआड पोहोचण्यास वाव नव्हता.

समांतर शब्द : संशय आणि 'दोन' यांची सांगड केवळ जर्मानिक भाषांतच दिसते असे नाही. लॅटिन 'डुबिउस' (संशयित) या शब्दात 'दोन' आणि 'असणे' या अर्थाचा, संस्कृत 'भू' शी सजातीय असलेला धातू आहे, असे मानले जाते. ग्रीक 'डिस्टाझो' (संशय घेणे) यात 'दोनदा' व 'उभे राहणे' हे अर्थ एकत्र आले आहेत. संस्कृतात 'द्वैध', 'द्विधा' हे शब्द आहेतच. शिवाय अमरकोशात संशयाच्या पर्यायांमध्ये 'द्वापर' हा शब्द दिलेला आहे. युगाचे नाव म्हणून परिचित असलेल्या या शब्दातही 'दोन' ही संख्या आहे. मराठीत मन 'द्विधा' होते आणि निःसंशय गोष्टीविषयी 'दुमत नाही' असे म्हणतात. कोकणीत शंकेला 'दुबाव' म्हणतात. तो 'द्विभाव' या संस्कृत शब्दाकडे निर्देश करतो. लॅटिन 'डुबिउस' मधील आणि 'दुबाव' मधील घटक त्यामुळे एकमेकांचे नातेवाईक ठरतात. तथापि त्यांची जुळणी दोन्हीकडे स्वतंत्रपणे झालेली आहे. समान मुळापासून आलेले शब्द आणि समान अनुभवातून स्वतंत्रपणे घडलेले शब्द यांत भेद करावा लागतो, तो यासाठीच.

याउलट मराठीतील 'शंका' या शब्दाचे जर्मानिक भाषांत नातेवाईक आहेत, पण ते संशयवाचक नाहीत. संस्कृत 'शङ्क्' या धातूचा संबंध इंग्रजी 'हँग' व फ्रिजियन 'हिंग्ये' (टांगणे, लोंबकळणे) यांच्याशी जोडण्यात येतो. शंका म्हणजे अधांतरी लोंबकळणे, अशी ही दुसरी कल्पना आहे.

संशय आणि न्याय : प्राचीन फ्रिजियन भाषेचे जे लेखन उपलब्ध आहे, ते बहुतांशी कायद्याचे आहे. संशयाचे निरसन हा न्यायदानाचा गाभा असल्यामुळे फ्रिजियन समाज तो प्रश्न कसा हाताळत असे, याची माहिती या साहित्यातून मिळते. शार्लमेनच्या काळात आठव्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये संकलित झालेल्या फ्रिजियन विधिसंग्रहात शपथ हे प्रमुख साधन आहे. आरोपीबरोबर किती जणांनी शपथ घ्यावी, हे आरोपीच्या सामाजिक दर्जानुसार ठरलेले असे. जमावात एखादा मारला गेला आणि मारेकरी कोण हे कळेना, तर चिठ्ठ्यांसारखा कौल घेत. डहाळीचे दोन तुकडे करून त्यांपैकी एकावर क्रुसाची खूण करीत. दोन्ही स्वच्छ लोकरीत गुंडाळून वेदीवर ठेवीत आणि त्यांतील एक उचलला जाई. दोन शक्यतांमध्ये अडकलेला संशय येथे दोन काड्यांच्या रूपाने अक्षरशः वेदीवर मांडला जात होता.

सोळाव्या शतकात कारभार, न्याय व चर्च या क्षेत्रांतून फ्रिजियन मागे पडली व तिची जागा डचने घेतली. गिस्बेर्ट याप्पिक्स (१६०३–६६) या कवीने तिला पुन्हा वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु न्यायालयाची दारे तिला विसाव्या शतकापर्यंत बंदच होती. आपल्या भाषेत शपथ घेता येत नाही, ही फ्रिजियन लोकांची जुनी तक्रार होती. १९५१ मध्ये न्यायालयात फ्रिजियन बोलण्यास एका न्यायाधीशाने दिलेल्या नकारावर कठोर टीका केल्याबद्दल कवी व पत्रकार फेड्डे स्खूरेर याच्यावर खटला झाला. १६ नोव्हेंबर १९५१ रोजी लेउवार्डन येथील न्यायालयासमोर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी दंडुके व पाण्याचे फवारे यांचा वापर केला. हा दिवस 'दंडुक्यांचा शुक्रवार' म्हणून ओळखला जातो. त्यानंतर १९५६ च्या कायद्याने न्यायालयात फ्रिजियनच्या वापरास व त्या भाषेत शपथ घेण्यास मान्यता मिळाली. संशयाचा फायदा आरोपीला मिळावा, हे तत्त्व सर्वत्र मान्य आहे. पण आरोपीला आपली बाजू आणि आपली शंका स्वतःच्या शब्दांत मांडता येणे, ही त्याआधीची अट आहे.

आधुनिक स्थिती : १९३८ मध्ये लेउवार्डन येथे स्थापन झालेल्या फ्रिजियन अकादमीने १९८४ ते २०११ या काळात फ्रिजियन भाषेचा २५ खंडांचा बृहत्कोश प्रसिद्ध केला. प्रांतातील प्राथमिक शाळांत १९८० पासून फ्रिजियन हा आवश्यक विषय झाला आणि १९९७ पासून प्रांताचे फ्रिजियन नाव हेच त्याचे अधिकृत नाव आहे. असे असले, तरी फ्रिजियन बोलणारी बहुतेक सर्व माणसे द्विभाषक आहेत आणि लिहिताना त्यांतील अनेक जण डचचाच आश्रय घेतात. 'ट्वीव्हेल' आणि 'ट्वेइफेल' हे दोन शब्द एकाच माणसाच्या तोंडी असतात. त्यांपैकी कोणता मुलांपर्यंत पोहोचेल, यावर या शब्दाचे भवितव्य अवलंबून आहे. इंग्रजीने आपला मूळ शब्द गमावला, तेव्हा तिच्यापाशी कोट्यवधी भाषक होते असे नाही, पण पुढे ते मिळाले. लहान भाषेला अशी भरपाई सहसा मिळत नाही. तिच्यातील एक शब्द गेला, तर मूळ 'ट' व 'ई' हे दोन्ही जपणारा एक जिवंत पुरावाही त्याच्याबरोबर जातो.